मिथेन सीपवरच्या शिंपल्यांची पिल्लं एका सीपवरून दुसऱ्या सीपवर पोचतात कशी?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. रत्नागिरीला एमएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी कोल्ड सीप हा विषय घेतलाय. समुद्रतळातून मिथेन झिरपतो, तिथे बॅक्टेरियाच्या जिवावर शिंपले आणि नळीकृमी जगतात, सूर्यप्रकाशाशी थेट देणंघेणं नाही, इथपर्यंत सगळं डोक्यात शिरलं. गाडी अडलीय ती पुढे. एका सीपवरून दुसरी सीप कधी दहा किलोमीटरवर, कधी दोनशे. मधे नुसता चिखल आणि काळोख. मोठा शिंपला काही एवढी वाट चालणार नाही. मग पुस्तकं 'लार्वा अवस्थेत प्रसार होतो' असं एका ओळीत लिहून मोकळी होतात.

पण लार्वा तळाशीच वाहतो की वर येतो? हे कुणी खरंच पाहिलंय की सगळा अंदाज? सर म्हणाले जेनेटिक्सचे पेपर वाच, त्यात उत्तर आहे. वाचले. त्यात 'कनेक्टिव्हिटी जास्त आहे', म्हणजे वस्त्यांमधे येणंजाणं आहे, एवढंच कळलं, वाट नाही कळली. आणि आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यात सीप सापडल्यात, तिथलं काय असेल? भाट्याच्या खाडीत प्लँक्टन नेट, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव गाळायचं जाळं, ओढलंय, एवढाच माझा अनुभव, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

निळाशार
वाहत जातात हो. प्रवाह नेईल तिकडे. लाखो अंडी सुटतात, त्यातलं एखादं पोचतं. नशिबाचा खेळ. सेमिनारमध्ये एक स्लाइड टाक आणि पुढे चल.

मेश१५०
निळाशार, नशीब म्हणून सोडून देता आलं असतं तर माझी नोकरीच गेली असती. मी अमेरिकेत एका प्रयोगशाळेत खोल पाण्यातून आलेल्या बरण्यांतून लार्वे वेचण्याचं काम करते. मूळची मालवणची. खाडीकाठ, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी एक हिशोब कर. शिंपल्याचा व्हेलिजर, म्हणजे पोहत्या वयातला लार्वा, सेकंदाला साधारण अर्धा ते एक मिलिमीटर पोहतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे दम न घेता पोहला तरी दिवसाला ४० ते ८५ मीटर. दुसरीकडे तळाशी सेकंदाला ५ सेंटिमीटर, म्हणजे अगदी मरगळलेला प्रवाह धरला तरी तो त्याला दिवसाला ४ किलोमीटर नेणार. तेव्हा आडवं पोहून लार्वा कुठेही जात नाही, हे पक्कं. आता तेच ४०-८५ मीटर उभे धर. ६५० मीटरवर जन्मलेला लार्वा एक-दोन आठवड्यांत पृष्ठभागाजवळ येऊ शकतो. समुद्र ही मजल्यामजल्यांची इमारत धरलीस, तर कुठल्या मजल्यावर थांबायचं एवढंच त्या पिल्लाच्या हातात आहे. पुढचं सगळं त्या मजल्यावरचा प्रवाह ठरवतो.

आणि मजला बदलला की दिशाच उलटते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोर ब्लेक रिज नावाची सीप आहे, सुमारे २,१५० मीटर खोल. तिथून निघालेला लार्वा वर येऊन गल्फ स्ट्रीममध्ये सापडला तर ईशान्येकडे, सेकंदाला दीड-दोन मीटरच्या वेगानं. खालीच राहिला तर त्या किनाऱ्याच्या उतारालगत खोल पाण्याचा एक प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, त्यात सावकाश उलट दिशेला. एकाच आईची दोन पिल्लं, एक कॅनडाच्या वाटेला आणि एक बहामाच्या. म्हणून 'प्रवाह नेईल तिकडे' हे उत्तरच होत नाही. कुठल्या खोलीवरचा प्रवाह?

आता कुणी पाहिलंय का, हा तुझा दुसरा प्रश्न. एका लार्व्याच्या मागे जन्मापासून मुक्कामापर्यंत कुणीही गेलेलं नाही, जाता येणारही नाही. पण बाजू वेगवेगळ्या पुराव्यांनी आवळत आणता येते, आणि सगळ्यात चांगली आवळली गेलीय ती मेक्सिकोच्या आखातातल्या एका शिंपल्याची. नाव गिगांटिडास चिल्ड्रेसी. जुन्या पेपरांत बॅथीमोडिओलस चिल्ड्रेसी म्हणून भेटेल. लुइझियानासमोर ६५० मीटरवर एक खाऱ्या पाण्याचं तळं आहे, ब्राइन पूल एनआर-१. समुद्राच्या तळाशी अतिखारट पाण्याचं डबकं आणि त्याच्या काठानं या शिंपल्यांची दाट कडा. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे क्रेग यंग आणि त्यांची तेव्हाची विद्यार्थिनी शॉन अरेलानो यांनी हे शिंपले वर आणून त्यांच्याकडून अंडी सोडवली आणि पिल्लं वाढवली. २००९ चा पेपर आहे, मूळ वाचच.

अंडं जेमतेम ७० मायक्रॉनचं (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). अंडं एवढं बारीक म्हणजे आईनं शिदोरी दिलेली नाही, पिल्लानं स्वतः खायचं. खाणं कुठे? सूक्ष्म शैवाल वरच्या उजेडाच्या थरात. ७-८ अंश तापमानाला पोहणारा ब्लास्टुला, म्हणजे पेशींचा पोकळ गोळा, व्हायला ४० तास आणि इंग्रजी डी अक्षरासारखा व्हेलिजर दिसायला १२ दिवस लागले. उथळ पाण्यातले शिंपले हे दोन-तीन दिवसांत उरकतात. शिवाय अंडी सोडण्याचा हंगाम आणि नवी पिल्लं तळावर बसण्याचा काळ यांची सांगड घातली तर पाण्यातला मुक्काम तेरा महिन्यांपर्यंत जाऊ शकतो, असं निघालं. तेरा महिने! आपल्या शिनाण्यांची, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांना धरून राहणाऱ्या शिंपल्यांची, पिल्लं दोन-तीन आठवड्यांत खडकाला चिकटतात, त्याच्याशी ताडून बघ.

एवढ्यावर 'वर येत असतील' असं म्हणता येतं, 'येतात' असं नाही. ते २०१४ च्या पेपरमध्ये आलं. त्याच मंडळींनी निरनिराळ्या खोलीवर उघडमीट होणाऱ्या जाळ्या ओढल्या आणि या शिंपल्याचे व आखातातल्याच बॅथिनेरिटा नावाच्या सीपवरच्या गोगलगायीचे लार्वे पाण्याच्या वरच्या शंभर मीटरांत पकडले. ही गोगलगाय तर आपली अंड्यांची पिशवी त्याच शिंपल्यांच्या कवचावर चिकटवते. आई अर्धा-पाऊण किलोमीटर खाली काळोखात, पिल्लू वर उन्हात. मला या सगळ्या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच.

सरसकट नियम मात्र करू नकोस. नळीकृमींचं गणित वेगळं. लॅमेलिब्रॅकिया नावाच्या नळीकृमीचं अंडं स्वतःच हलकं असतं, आपोआप वर तरंगू लागतं. पण लार्वा काही खात नाही, अंड्यातल्या पुंजीवर जगतो आणि ती काही आठवड्यांत संपते. गंमत म्हणजे ज्याचं पिल्लू एवढं अल्पजीवी तो मोठा प्राणी दोन मीटर वाढायला १७० ते २५० वर्षं घेतो. पेशवाई संपताना बसलेली एखादी नळी आज तिथेच असू शकते. त्याला दरवर्षी दूरवर पिल्लं पाठवायची घाईच नाही.

जाळ्यांबद्दल. तुला वाटेल मोठं जाळं ओढलं की मिळाले लार्वे. अरे, बशीभर कोपेपॉडमध्ये, म्हणजे कोळंबीच्या गोतातल्या बारीक जिवांमध्ये, सीपचा म्हणावा असा एखादा. म्हणून हल्ली सेंट्री नावाच्या स्वयंचलित पाणबुडीला दोन्ही बाजूंनी नळकांडी लावतात, ती पंख्यानं पाणी आत ओढून मागच्या जाळीत गाळतात. पाणबुडी तळापासून काही मीटरवर तासन् तास एकाच खोलीत सरळ जाते, तेव्हा पकडलेला लार्वा कुठल्या थरातला याबद्दल वाद उरत नाही. जहाजावरून दोरीनं ओढलेलं जाळं तळाच्या इतकं जवळ नेण्याची हिंमत सहसा कुणी करत नाही, फाटलं तर मोहीमच संपली.

नमुना वर आला की थंड खोलीत, बर्फावर ठेवलेल्या बशीत, सूक्ष्मदर्शकाखाली. इथे एक युक्ती सांगते, ती खाडीतल्या नमुन्यालाही चालते. प्रकाशाच्या वाटेत एक पोलरॉइड, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा प्रकाश पुढे सोडणारी फिल्म, आणि डोळ्याच्या बाजूला दुसरा, एकमेकांना आडवे. सगळी बशी काळी होते. कोपेपॉड धूसर राखाडी. आणि त्या काळ्यात शिंपल्यांचे लार्वे लखलखतात, कारण कवचातले चुनखडीचे स्फटिक प्रकाश वळवतात. प्रत्येकावर मधोमध एक काळी फुली दिसते. फुली दिसली की बारीक पिपेटनं उचलायचा, फोटो काढायचा, वेगळ्या कुपीत एथेनॉलमध्ये टाकायचा आणि डीएनए करायचा, कारण नुसत्या रूपावरून जात ठरवणं या वयात बहुतेक वेळा जमत नाही. फॉर्मॅलिन वापरणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. ते आम्ल होतं, कवच विरघळवतं, डीएनएही खराब करतं. मग उरतं काय?

लार्वा पकडताच आला नाही तरी एक मार्ग उरतो. नुकत्या बसलेल्या पिल्लाच्या कवचाचं टोक बघायचं. लार्वा असताना बनलेलं कवच तिथे तसंच शिल्लक असतं, आत दोन टप्पे: पहिला अंड्यातल्या पुंजीवर बनलेला, दुसरा पाण्यात खातपीत असताना. मग एक ठसठशीत रेघ, आणि रेघेपुढे तळावर बसल्यानंतरचं कवच. पहिला टप्पा छोटा आणि दुसरा मोठा असेल तर पिल्लानं पाण्यात भरपूर काळ खाल्लंय हे समजायचं. या जातकुळीतल्या शिंपल्यांत ती रेघ जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाते. सगळा प्रवासाचा दाखला तळावर बसलेल्या पिल्लाच्या टोकावर मिळतो.

जेनेटिक्सचं काय, तर तुझे सर चूक नाहीत, अपुरे आहेत. दर पिढीला मोजके पाहुणे आले तरी दोन वस्त्या जनुकांच्या दृष्टीनं सारख्या दिसू लागतात. चिल्ड्रेसीच्या आखातातल्या वस्त्या शेकडो किलोमीटर लांब आणि पाचशेपासून दोन हजार मीटरपर्यंतच्या खोलीतल्या असूनही फारशा वेगळ्या निघत नाहीत. त्यातून येणंजाणं आहे हे कळतं. यंदा किती आले, कुठून आले, मधे कुठे थांबले, ते कळत नाही. एखादी सीप उद्या मेली तर ती पुन्हा भरायला पाच वर्षं लागतील की पाचशे, हेही त्यातून नाही कळणार.

एक शेवटचं. नकाशावर रंगीत दोऱ्यांच्या जाळ्यासारखे लार्व्यांचे मार्ग काढतात ना, ते बघून हुरळून जाऊ नकोस. दोऱ्या कितीही सुंदर असोत, लार्वा कुठल्या खोलीवर सोडला आणि किती दिवस जिवंत धरला हे आधी विचार. तेवढे दोन आकडे चुकले तर बाकी सगळी रांगोळी.

लाटमोजणी
मेश१५० ताई, रांगोळी काढणारा मीच. गोव्यात बसून संगणकावर प्रवाहांची मॉडेलं चालवतो, जीवशास्त्र बेतास बात. पण तुमचा शेवटचा परिच्छेद मला मान्य आहे, म्हणून भांडत नाही. फक्त भर घालतो.

मॉडेलचा खरा उपयोग 'लार्वा इथे पोचला' सांगण्यात नाही, 'इथे पोचूच शकत नाही' सांगण्यात आहे. २०१२ मध्ये यंग आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोचं आखात, बहामा आणि बार्बाडोसकडच्या सात खोल समुद्री जातींवर हे केलं. लार्व्यांचं आयुष्य तीन आठवड्यांपासून दोन वर्षांहून जास्त. एका लाकडात राहणाऱ्या कृमीचे लार्वे आखाताच्या उत्तर भागातून निघून सात ते चौदा महिन्यांत न्यूफाउंडलंडसमोर, ३,००० किलोमीटरहून लांब पोचू शकतात असं दिसलं. पण त्यातले किती आखातातच घोटाळत राहतात ते वर्षावर्षाला खूप बदलत होतं. आणि दोन वर्षांहून जास्त वाहणारी जातसुद्धा उत्तर अटलांटिक ओलांडून पलीकडे गेली नाही. आता गंमत बघा, चिल्ड्रेसीचा सख्खा भाऊ शोभेल असा शिंपला आफ्रिकेच्या बाजूला आहे. म्हणजे एका उडीत नाही, टप्प्याटप्प्यानं आणि पिढ्यानुपिढ्या. मधले टप्पे कुठले, हे खणायला आता जागा कळली. असा नकार फार कामाचा असतो.

खाडीकाठ, कृष्णा-गोदावरीबद्दल. तिथल्या जिवंत सीप आपल्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी २०१९ मध्ये जाहीर केल्या. सिंधु साधना जहाजावरून. पाण्यात वर चढणारे वायूचे फवारे ध्वनिलहरींच्या चित्रात दिसले, ९०० ते १,८०० मीटर खोलीत. गाळाखाली अवघ्या दोन-तीन मीटरवर मिथेन हायड्रेट, म्हणजे मिथेन कोंडलेला बर्फ. आता त्या जागेला ताईंचा मजल्याचा प्रश्न लावून बघ, अटलांटिकपेक्षा जास्त अवघड होतो.

कारण बंगालच्या उपसागरात वरचा प्रवाह वर्षभर एका दिशेचा नाही. आंध्रच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह फेब्रुवारी ते मे उत्तरेकडे वाहतो, ओडिशा-बंगालच्या दिशेनं. ऑक्टोबर ते डिसेंबर उलटा, चेन्नई-श्रीलंकेकडे. लार्वा वर येत असेल तर तो मार्चमध्ये आला की नोव्हेंबरमध्ये, यावर सगळं ठरलं. म्हणजे खोलीबरोबर महिना पण हवा, आणि त्यासाठी शिंपले अंडी कधी सोडतात ते आधी कळायला हवं. त्यातून वर यायचं म्हणजे वाटेत काहीशे मीटर जाडीचा ऑक्सिजन जवळजवळ नसलेला थर पार करायचा. आणि तो पार केला तर पावसाळ्यानंतर वर गोदावरी, महानदी, गंगेच्या गोड्या पाण्याची झाकण घातल्यासारखा पातळ थर. खाऱ्या पाण्यातल्या पिल्लाला तिथे शिरायचं की खालीच थांबायचं? मला मॉडेलमध्ये लार्व्याला काय 'सांगायचं' ते जीवशास्त्रवाल्यांकडूनच हवंय. नाहीतर मी नुसत्या दोऱ्या ओढत बसतो.

निळाशार
बरं, नशीब मागे घेतलं. पण एक विचारू? यातून पैसा कुठला येणार? सरकार हायड्रेटमधून गॅस काढायला बघतंय, शिंपल्याची पिल्लं कुठे जातात त्याला काय करायचंय?

मेश१५०
त्यालाच तर करायचंय. जिथे हायड्रेट उथळ तिथेच सीप, आणि तिथेच खणायचा मोह. समजा पाच सीप आहेत. चार जणी पाचवीकडून येणाऱ्या पिल्लांवर टिकून आहेत आणि नेमकी पाचवीच खणली, तर बाकीच्या चार हात न लावता संपतील. उलट पाचवी नुसती पाहुणी घेणारी असेल तर नुकसान तेवढ्यापुरतं. कुठली देणारी आणि कुठली घेणारी हे नकाशा बघून कळत नाही. खाण कंपनीलासुद्धा हे आधी कळलेलं स्वस्त पडतं, नंतर कोर्टात कळण्यापेक्षा.

लाटमोजणी, ऑक्सिजनच्या थराचा मुद्दा मी सेमिनारला चोरणार. नाव देईन.

खाडीकाठ
ताई, दादा, एवढं लिहिलंत, वाचून दोनदा चहा झाला. सेमिनार सुटला. पण आता डिसर्टेशनसुद्धा यातच करावंसं वाटतंय आणि माझ्याकडे जहाज नाही, पाणबुडी तर नाहीच. कॉलेजात एक बरा सूक्ष्मदर्शक आणि एक नेट. खोल समुद्राचं काहीच जमणार नाही का?

मेश१५०
खोल समुद्राचं नाही जमणार, पण पद्धत तीच उथळात जमते, आणि पुढे कुठेही अर्ज केलास तर लोक पद्धतच बघतात.

पावसाळा सरला की खडकांवर शिनाण्यांची नवी पिल्लं बसतात. मिऱ्याच्या किंवा पावसच्या बाजूला ओहोटीला जा. दोन-तीन मिलिमीटरचीच घे, मोठ्या शिंपल्यांच्या कवचाची टोकं लाटांनी झिजलेली असतात, त्यात काही दिसत नाही. टोक मऊ ब्रशनं साफ कर, बाजूनं तिरपा उजेड टाक आणि ती रेघ शोध. प्रत्येक पिल्लाच्या दोन्ही टप्प्यांची मापं घे. दोन-तीन जागांवरून, दर पंधरवड्याला. एकाच जातीत दुसरा टप्पा महिन्यागणिक लहानमोठा होतो का, एवढा प्रश्न पुरे. होत असेल तर त्या महिन्यांचं पाण्याचं तापमान लाटमोजणी दादांकडे माग, ते नाही म्हणणार नाहीत.

पोलरॉइड विकत घेऊ नकोस. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची फिल्म सोलून निघते, तिचे दोन तुकडे पुरतात. आणि खाडीत नेट ओढायच्या आधी त्याची मेश, म्हणजे जाळीच्या भोकांचं माप, बघून घे. कॉलेजांत बहुतेक ३०० मायक्रॉनच्या आसपासची असते. त्यातून शिंपल्यांचे बरेचसे लार्वे गळून जातात आणि तुला वाटतं खाडीत नाहीतच. शंभरच्या आतली मिळव. न मिळाली तर स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे बारीक नायलॉनचं कापड असतं, त्याची शिवून घे.

लाटमोजणी
तापमान देतो. फक्त जागांचे अक्षांश-रेखांश नीट लिहून पाठव, 'दीपगृहाच्या अलीकडे' असं नको.